खिडकीतला हिवर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी दस्तगीर चाचांचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. वडील तर स्वतःच चारचौघांत सांगतात, "आमी जल्म दिला, पर ह्येला बोलाय शिकवलं त्या मणेराच्या दस्तगीरनं."

चाचांचं सोलापुरात शुक्रवार पेठेत सायकलचं दुकान होतं. दर रविवारी ते शहरातल्या माणसांना गिअरच्या सायकलींवरून केम गावच्या बाजूच्या माळावर न्यायचे आणि तिथला एक खडक दाखवून आणायचे. आज त्यांना काहीच दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते घडत होतं तेव्हा त्यांची नजर जातच होती. आम्ही रोज त्यांच्यासोबत होतो आणि आम्हाला कळलं नाही.

मी सांगोल्याकडच्या एका वाडीतला. घरी मेंढरं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच, तेही भूगोल घेऊन. पदवी हातात आली, पण चार माणसांसमोर उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नसे. शिक्षकाच्या नोकरीच्या मुलाखतींना जायचो, मान खाली घालून यायचो. राहायला चाचांच्या दुकानावरची खोली होती. एका रविवारी त्यांचा माणूस आला नाही, म्हणून त्यांनी मला खालून हाक मारली. "ए भूगोल, सायकल येते का?" येते म्हणालो. त्या दिवसापासून मी त्यांचा 'पुढचा' झालो. नाव कुणी घेईना, सगळे पुढचाच म्हणायचे.

पुढचा म्हणजे रांगेच्या पुढे सायकल चालवणारा. चाचा स्वतः कधीच पुढे नसत. ते सगळ्यांच्या मागे असत. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. वाट दाखवणारा माणूस मागे कसा? एका डॉक्टरांनी विचारलंही. चाचा म्हणाले, "साहेब, वाट तर ह्या पोराला पण दिसती. जो दमतो, ज्याची चेन पडती, तो कायम मागं असतो. मग मी कुटं पायजे?"

अंगाने काटक, पाय लांब, पांढरी दाढी बारीक कातरलेली. पँटची मोरी चेनमध्ये अडकू नये म्हणून जुन्या ट्यूबची कापलेली वळी पायात घालायचे. डोक्यावर जाळीची टोपी, तिच्यावर हेल्मेट. कुणी हसलं तर म्हणायचे, खालची अल्लासाठी आणि वरची बायकोसाठी. चाची जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी हे वाक्य त्यांनी बदललं नाही.

गाईड म्हटलेलं त्यांना आवडत नसे. "मी मणेर हाय," म्हणायचे. ते खरंच होतं, बांगड्या भरणं हा घरचा धंदा. दुकान काढण्याआधी ऐन तारुण्यात ते सायकलच्या कॅरियरला बांगड्यांच्या पेट्या बांधून केमच्या आसपासच्या वाड्यावस्त्या फिरायचे. त्या सगळ्या पाऊलवाटा त्यांना तेव्हापासूनच्या माहीत. पुढे शहरात जाड टायरच्या सायकली आल्या. त्या दुरुस्तीला घेऊन येणारे इंजिनीअर आणि डॉक्टर विचारू लागले की एवढी भारी सायकल घेऊन जायचं कुठं. तेव्हा चाचांनी आपल्या बांगडीच्या वाटा बाहेर काढल्या. टेम्पोत सायकली घालून केम स्टेशनपर्यंत जायचं, तिथे चहा प्यायचा आणि मग कुंकवाच्या कारखान्यांवरून माळाला लागायचं. तिथून खडकापर्यंत कच्ची वाट.

त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत पंक्चरचं सामान, गूळ-शेंगदाणे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या. वाटेत एका वस्तीवर पारूआजी नावाची म्हातारी होती. ती सायकलींचा आवाज ऐकून बाहेर यायची आणि काही न बोलता हात पुढे करायची. चाचा सायकल आडवी टाकून तिच्यासमोर मांडी घालायचे. मागे हेल्मेट घातलेली शहरातली माणसं घड्याळं बघत उभी. चाचा बांगडी चढवताना हाताकडे बघतच नसत. तोंड भलतीकडे, गप्पा चालू. "आजी, हात लई वाळला की तुमचा. सूनबाई जेवाय देती का न्हाय?" आजी म्हणायची, "देती की. तूच लई दिसानं आलास, म्हून वाळला." बांगडी तोवर मनगटावर गेलेली असायची. मला तेव्हा वाटायचं, काय हातखंडा आहे. आता वाटतं, त्या दिवसांत ते हाताकडे बघत होते की नव्हते, हे मी नीट बघायला हवं होतं.

त्या खडकाला आसपासचे लोक खिडकी म्हणतात. टेकाडाच्या धारेवर काळा कातळ उभा आहे आणि त्याला आरपार भोक आहे. माणूस समोरच्या सपाट दगडावर बसला की भोकातून पलीकडचा मुलूख चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. खाली उतरता माळ, मग ओढा, ओढ्यापलीकडे शेतांचे बांध, आणि बरोबर मधोमध एका बांधावर एकटा हिवर. पांढरट खोडाचा, वरून छत्रीसारखा पसरलेला. हवा स्वच्छ असली तर त्याच्याही मागे उजनीच्या पाण्याची पांढरी रेघ. दुसरं काही नाही. एवढ्यासाठी माणसं घामाघूम होऊन यायची.

चाचांची तिथली रीत ठरलेली होती. एकेकाला दगडावर बसवायचं, बाकीच्यांना लांब ठेवायचं. मग त्याच्या खांद्यामागे उभं राहून विचारायचं, "काय दिसलं?"

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा म्हणालो, छान आहे.

"छान कुटं हाय? मला दाव."

मी उठायला लागलो. त्यांनी मला उठूच दिलं नाही. "हौल्या, छान दिसत नसतंय. झाड दिसतंय, पानी दिसतंय. तुला जे दिसलं ते सांग. जास्त न्हाय, कमी न्हाय." मग मी अडखळत सांगू लागलो. ओढा. ओढ्यात पाणी नाही, वाळूवर मेंढरांचे पाय उमटलेत. हिवराच्या डाव्या अंगाची फांदी वाळलीय. ते म्हणाले, आणि? मी आणखी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बोलण्याची वाट बघत होतं. दर रविवारी मला सगळ्यांत शेवटी बसवायचे आणि हेच विचारायचे. असं करता करता मी बोलायला लागलो. मी आज शाळेत भूगोल शिकवतो. ज्या मुलाखतीत ती नोकरी मिळाली, तिथे एका साहेबांनी तुमच्या जिल्ह्याची जमीन कशी आहे असं विचारलं. मी मनातल्या मनात त्या दगडावर जाऊन बसलो आणि दिसलं तेवढं सांगितलं.

नाही ते दाखवायचं नाही, हा त्यांचा एकच कायदा. एकदा एक फोटोवाले पाहुणे आले होते, त्यांना लांडगा हवा होता. ओढ्यात पायाचे ठसे दिसले तसे ते हरखून कॅमेरा काढून वाळूत झोपलेच. चाचांनी वाकून, अगदी जवळ नाक नेऊन पाहिलं आणि म्हणाले, "कुत्र्याचं हाय." पाहुणे म्हणाले, लांडग्याचं असेल की. चाचा म्हणाले, "असंल तर बरंच हाय. पर मला कुत्रं दिसतंय." पाहुणे नाराज झाले, पुन्हा आले नाहीत. परत येताना मी म्हणालो, चाचा, हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मग मागून आवाज आला, "त्या माणसाचे डोळे त्यानं माझ्यावर सोडले हुते रं."

नाक एवढं जवळ का न्यावं लागलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

घंटा आली ती पुढच्या वर्षी. माझे वडील सोलापूरला दवाखान्याच्या कामाला आले होते, तेव्हा दुकानात बसले. त्यांच्या पिशवीत मेंढराच्या गळ्यातली पितळी घंटा होती, तिचा आतला टोला निखळला होता म्हणून आणलेली. चाचांनी टोला बसवून दिला आणि घंटा हलवून कानाशी धरली. मग म्हणाले, ही मला देता का? वडिलांनी दिली. त्या रविवारपासून चाचांनी नवा नियम केला. सगळ्यांत मागे जो पडेल, त्याच्या सीटखाली घंटा बांधायची. त्याच्यामागे फक्त चाचा.

वडिलांना हे कळल्यावर ते हसले. म्हणाले, "उलटंच की तुमचं. आमच्यात घंटा पुढच्या बकऱ्याच्या गळ्यात असती. त्याच्या मागनं समदी येत्यात."

चाचा वडिलांना मामा म्हणायचे. ते म्हणाले, "मामा, तुमच्या मेंढरांवानी माजं पण तसंच हाय."

आम्हाला तो विनोद वाटला. सगळे हसलो. पाहुण्यांनाही घंटेची गंमत वाटायची, कुणाच्या नशिबी येते म्हणून पैजा लागायच्या. मागच्याची काळजी म्हणून घंटा, असं मी सगळ्यांना समजावून सांगायचो. चाचा ते ऐकून घ्यायचे.

काचबिंदूत नजर कडेकडेने जाते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आधी डावं-उजवं पुसतं आणि समोर नळीतून बघितल्यासारखा तुकडा राहतो. त्या तुकड्यात पुढच्या सायकलचं चाक मावत होतं. चाक निसटलं तर कानात घंटा होती. त्या आधारावर ते किती रविवार माळावर आले, मला माहीत नाही. त्यांना विचारायची हिंमत झाली नाही.

मग तो दाजींचा रविवार आला. सोलापुरातल्या एका घरचे मेहुणे-मेहुण्या मिळून आले होते, सोबत पुण्याहून आलेला नवा जावई. जावई बिचारा रोज खुर्चीत बसणारा. पहिल्याच चढाला मागे पडला आणि घंटा त्याच्या सीटखाली गेली. झालं, मेहुण्यांना विषयच मिळाला. "दाजी, दूध किती देता?" "अरे, दाजींना चारा टाका रे कुणीतरी." तो हसत होता, पण कान लाल झालेले. नव्या जावयाला सासरच्यांसमोर किती लागतं, ते ज्याचं त्याला माहीत. ओढा ओलांडल्यावर पुढचे सगळे वळणाआड गेले आणि चाचा अजून मागे ओढ्यातच होते, तेव्हा त्याने थांबून घंटा सोडली, रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली आणि जोर लावून आम्हाला येऊन मिळाला. मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ओढ्यानंतर वाट फुटते. उजवीकडे खिडकी, सरळ गेलं तर मुरुमाचा खड्डा. त्या दिवशी पुढून मेंढरं गेलेली, वाटेवर धुरळा होता.

टेकाडाखाली आम्ही वाट बघत थांबलो. चाचा आले नाहीत. मी मागे वळलो, माझ्यामागे दाजी. खड्ड्याच्या तळाशी सायकल पडली होती, पुढचं चाक वाकलेलं होतं. चाचा शेजारी बसले होते. हेल्मेट निघून गेलेलं, टोपी मुरुमाने माखलेली, एक खांदा खाली आलेला. आमचे पाय वाजले तसं त्यांनी तोंड वर केलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "घंटा कुटं गेली?"

दाजींनी पिशवीतून रुमाल काढला. त्यांना वाटलं, नियम मोडला म्हणून म्हातारा रागावलाय. ते माफी मागू लागले. मी खाली उतरून पाण्याची बाटली पुढे धरली. चाचांनी हात पुढे केला. हात बाटलीच्या शेजारून गेला, हवेत थांबला, परत आला. दुसऱ्यांदाही शेजारूनच गेला. मी बाटली त्यांच्या हाताला टेकवली.

मला तेव्हा सगळं एकदम समजलं. मागे राहणं, घंटा, वाकून नाक जवळ नेणं, खिडकीपाशी मला शेवटी बसवून एवढं सगळं बोलायला लावणं. मला बोलायला शिकवत होते हे खरंच. पण ते ऐकतही होते.

दाजी रडायच्या बेतात होते. चाचा त्यांना म्हणाले, "तुमी कशाला मनाला लावून घेताय? घंटा तुमच्या सायकलला हुती. ठिवायची का काढायची, ते तुमचं." मग माझ्याकडे, म्हणजे मी असेन त्या बाजूला, तोंड करून म्हणाले, "चल, पावणं खिडकी बघायची ऱ्हायल्यात."

मी म्हणालो, आधी दवाखाना. त्यांनी ऐकलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. एकेका मेहुण्याला बसवलं, प्रत्येकाला विचारलं. त्या दिवशी कुणी छान म्हणालं नाही. सगळे हळू आवाजात, जपून सांगत होते. सगळ्यांचं झाल्यावर मी म्हणालो, "चाचा, तुमी बसा."

ते कधी बसत नसत. त्या दिवशी बसले. मी त्यांच्या खांद्यामागे उभा राहिलो आणि विचारलं, "काय दिसलं?"

"मधी उजेड हाय. बाकी भित्ताड."

"हिवर?"

"हाय की. मधोमध हाय म्हणून दिसतोय. थोडं हिकडं तिकडं असता तर तो बी गेला असता." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "डावी फांदी दिसत न्हाय. हाय का पडली?"

आहे, म्हणालो. ती खरंच होती.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते लवकरच झालं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली वाचली तर बघू. राहिलेली वाचली नाही. आधी एक डोळा विझला, मग दुसरा. रविवार बंद पडले. मी एकटा न्यायला तयार होतो, पण पाहुणे विचारायचे, मागे कोण असेल? दुकानातल्या गिअरच्या सायकली एकेक करून निघाल्या. गिऱ्हाईक सायकल घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत चाचा दारात उभे राहून कान देत. मग आत येऊन बसत. शेवटी दुकानाला कुलूप लागलं आणि मुलगी शमीमताई त्यांना टेंभुर्णीला आपल्या घरी घेऊन गेली.

तिथे मी मागच्या महिन्यात गेलो होतो. घर हायवेला लागून. शमीमताईच्या नवऱ्याचं गॅरेज पुढे, मागे राहायच्या खोल्या. मुलगी, जावई दोघंही माणसं चांगली आहेत, जिवापाड करतात. चाचा व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दाढी वाढलेली. पायात ती ट्यूबची वळी अजून होती. मी आवाज दिला तरी त्यांनी मान वळवली नाही. ट्रक जात होता. मी जवळ जाऊन हाताला हात लावला.

"कोण?"

"पुढचा."

त्यांनी माझा हात घट्ट धरला, सोडलाच नाही. म्हणाले, "हितं समदा एकच आवाज हाय रं. कोन आलं, कोन गेलं, काय सुदरत न्हाय. तितं माळावर पानी कुटं, बाया कुटं, मेंढरं कुटं, समदं कळायचं. हितं मला बसल्या जागी हरवल्यागत हुतंय."

ज्यांनी बोलायला शिकवलं त्यांच्याचसमोर मी पुन्हा मुका झालो होतो.

शमीमताई पाणी घेऊन आल्या, तसं चाचांनी विचारलं, "बेटा, खिडकीतला हिवर हाय न्हवं?" ताई माठ भरत असल्यासारख्या सहज म्हणाल्या, "हाय की अब्बा. झाड कुटं जातंय?" आणि चहा टाकायला आत गेल्या. चाचा माझ्या कानाशी आले. "ती रोज हाय म्हणती. जावई पण हाय म्हणतो. दोघं बी कदी तितं गेलीच न्हाईत. मला चांगलं वाटावं म्हणून म्हणत्यात. तू जा. बघ. आन मला सांग."

फोन करतो म्हणालो. नको म्हणाले. फोनमध्ये ट्रकच ऐकू येतात. "लिव्ह. ती दुपारी वाचून दावंल, तवा हायवे जरा गप असतो."

मी निघालो. फाटकाशी येऊन मागे पाहिलं तर ते खुर्चीतून उठून उभे होते, माझ्या बाजूला नाही, रस्त्याच्या बाजूला तोंड करून. हात किंचित वर. मी पलीकडून जातोय असं त्यांना वाटलं असावं. मी हाक मारली. तेवढ्यात एक टँकर गेला.

परवा मी त्यांना पाठवलेलं पत्र हे असं.

आदरणीय चाचांना सलाम.

शमीमताई, विनंती आहे की हे वाचून दाखवताना एकही ओळ गाळू नका. वाईट वाटलं तरी गाळू नका. चाचांनी मला तसं सांगितलंय.

चाचा, रविवारी खिडकीला जाऊन आलो. एकटाच गेलो. घंटा सीटखाली बांधली होती, कारण मागचा पण मीच होतो. पारूआजी बाहेर आल्या आणि हात पुढे केला. माझ्याकडे बांगड्या नव्हत्या. तुम्हाला दिसत नाही असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, बांगड्या भरायला डोळे कशाला लागत्यात, त्येला म्हणावं ये. मग बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मुरुमाचा खड्डा आता मोठा झालाय. वाट त्याच्या कडेने वळवलीय. खिडकीचा कातळ आहे तसा आहे. आपला दगडही आहे. त्याच्यावर बसलो.

दिसलं तेवढंच सांगतो. उतारावरचं गवत वाळलंय, रंग मळकट पिवळा. ओढा कोरडा. ओढ्यापलीकडचे बांध काढून टाकलेत, सगळी जमीन एक केलीय. ती काळी आहे, नांगरून ढेकळं वर आलीत. तिच्यावर पाण्याचे काळे पाइप पसरलेत. उसाचं बेणं कडेला रचून ठेवलंय. एक बगळा होता, तो उडाला. उजनीची रेघ धुरकट दिसली, पण दिसली.

मधोमध नांगरट आहे. हिवर नाही. बुंधाही नाही.

तुम्ही "आणि?" म्हणाल म्हणून उठलो, डोळे धुतले आणि परत बसलो. तेव्हाही नव्हता.

तुमचा,
पुढचा